राखेचा हिशेब मागा

(कडेगाव येथील जिल्हा बैठकीतल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा झाली, ज्वारीच्या खरेदीची झाली, वीजबिलाची झाली. आता सिमेंट आणि राख हा विषय आमच्या वाट्याला आला आहे. कोणी म्हणेल, आमचे पोट कापसावर आणि ज्वारीवर; सिमेंटचे काय ते शहरवाल्यांनी पाहावे. पण विहिरीचे बांधकाम, घरकुलाचा स्लॅब, गोठ्याची जमीन, ओढ्यावरचा बांध, पाटाचे अस्तर, यातले काय सिमेंटावाचून होते? बियाणे, खत आणि औषध यांच्या पाठोपाठ शेतकरी बाजारातून जे विकत घेतो, त्यात सिमेंटचे पोते आहे. विकत घेतलेल्या मालात काय आहे हे ज्याला माहीत नाही, तो दोनदा लुटला जातो. एकदा भावात आणि एकदा दर्जात.

आमच्या फिरतीतल्या एका गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही, कारण असे गाव प्रत्येक तालुक्यात आहे. ओढ्यावर सिमेंटचा नाला बांध मंजूर झाला. मंजुरी हिवाळ्यात आली आणि काम सुरू झाले ऐन वैशाखात. ओढा कोरडा, विहिरी तळाला गेलेल्या. काँक्रीट पडले. तीन दिवस कोणीतरी बादलीने पाणी शिंपडले, चौथ्या दिवशी टँकर आला नाही. पहिल्या मोठ्या पावसात बांध भरला, सारे गाव नारळ घेऊन गेले. आठवड्यात पाणी निम्म्यावर आले, पंधरा दिवसांत तळ उघडा पडला. बांधाच्या वरच्या अंगाला ज्यांची विहीर आहे, त्या आबांनी खिशातली किल्ली काढून भिंतीवर रेघ ओढली. पांढुरकी भुकटी खाली पडली. आबा म्हणाले, "साहेब, ठेकेदार म्हणतो, हल्ली सिमेंटातच राख येते, त्याला मी काय करू? खरं का हे?"

भावांनो, ठेकेदाराचे निम्मे बोलणे खरे होते. सिमेंटात राख येते हे खरे. राखेमुळे बांध गळला हे खोटे. हे खरे आणि हे खोटे वेगळे करून दाखवावे, एवढ्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

पोत्यात काय असते

सिमेंट कसे होते ते आधी पाहू. चुनखडी आणि माती दळून भट्टीत घालतात आणि १४५० अंशांच्या आसपास भाजतात. भट्टीतून काळसर गोळे निघतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. ते गोळे थोडा जिप्सम घालून दळले की झाले सिमेंट. यवतमाळ आणि चंद्रपूरकडच्या भावांना हे कारखाने नवे नाहीत. चुनखडीचा पट्टा त्यांच्याच कापसाच्या शेतांखाली आहे.

आता हिशेब पाहा. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो कार्बन वायू हवेत जातो. भट्टीच्या कोळशाचा धूर तो निराळाच. दोन्ही मिळून एक टन क्लिंकरमागे ८०० किलोच्या आसपास हा वायू निघतो. माणसाच्या उद्योगातून जगभर जेवढा कार्बन वायू हवेत जातो, त्यातला ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. हवा तापते, पावसाचा नेम राहत नाही, मृगात पेरलेले उन्हात करपते आणि वेचणीला आलेला कापूस अवकाळीत भिजतो. त्या तापण्याला कारण एकटे सिमेंट नाही, पण त्यात त्याचा वाटा आहे. म्हणून क्लिंकर कमी वापरून तेवढेच भक्कम काँक्रीट होत असेल, तर ते कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिताचे आहे. हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे राखेच्या विरोधात आहे असा कोणाचा समज व्हायला नको.

क्लिंकर कमी करायचा मार्ग कारखान्यांना सापडलेला आहे. औष्णिक वीज केंद्रात दळलेला कोळसा जळतो आणि त्याची अगदी बारीक राख धुराबरोबर वर जाते. ती धुराड्याआधी पकडतात. तिला फ्लाय ॲश म्हणतात. आपल्या देशातल्या कोळशात राख फार, ३० ते ४५ टक्के. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतून लोखंडाबरोबर मळ निघतो, त्याला स्लॅग म्हणतात. तो एकदम पाण्याने थंड करून दळला तर तोही सिमेंटाची जागा घेतो. रायगड जिल्ह्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याजवळ असे स्लॅगचे सिमेंट दळले जाते.

तुम्ही दुकानातून आणता त्या पोत्यावर पीपीसी असे छापलेले असेल, तर ते राखेचे सिमेंट. भारतीय मानकाप्रमाणे त्यात कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त ३५ टक्के राख असू शकते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात साडेसात किलोपासून साडेसतरा किलोपर्यंत राख. स्लॅग सिमेंटात तर स्लॅग २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत चालतो. ओपीसी लिहिलेले पोते ते साधे सिमेंट. पोते फाडण्याआधी ते वाचा. आपल्या घरात शाळकरी मुले आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या.

राख काय काम करते

राख म्हणजे भेसळ, असे आपल्या मनात चटकन येते. दुधात पाणी तशी सिमेंटात राख. इथे गोष्ट वेगळी आहे. सिमेंटात पाणी पडले की दोन पदार्थ तयार होतात. एक चिकट पदार्थ, तोच खडी आणि वाळूला धरून ठेवतो. दुसरा मोकळा चुना. हा चुना बांधकामाच्या फारशा कामाचा नाही. पाण्याबरोबर तो हळूहळू विरघळून जातो आणि मागे छिद्रे राहतात. जुन्या टाकीच्या भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. बारीक राखेत वाळूच्या जातीचा पदार्थ असतो, सिलिका. तो त्या मोकळ्या चुन्याला धरतो आणि त्यापासून आणखी चिकट पदार्थ तयार करतो. चुना वाया जात नाही, छिद्रे भरतात आणि काँक्रीट घट्ट होते.

आम्ही शेतकी कॉलेजात मातीचा अभ्यास केला. कृष्णाकाठी क्षारपड झालेल्या जमिनीत साधे काँक्रीट कसे खवले सुटून झडते, ते आम्ही पाहिले आहे. खारे पाणी छिद्रांतून आत शिरते, आतला चुना खाते आणि लोखंडी सळईला गंज चढवते. तिथे राखेचे किंवा स्लॅगचे सिमेंट नीट वापरले तर ते जास्त टिकते, कारण त्यात छिद्रे कमी आणि मोकळा चुनाही कमी. तेव्हा राख ही भेसळ नव्हे. राख हा माल आहे.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. बैलाने ओढायची चुन्याची घाणी तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. त्या घाणीत चुन्याबरोबर भाजलेल्या विटेची भुकटी मळत, तिला सुरखी म्हणत. सुरखीचे काम राखेसारखेच, चुन्याला धरून घट्ट करायचे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, ते चुन्यातल्या दगडी बांधकामाचे. पुढे उत्तर प्रदेशात रिहंद धरण १९६२ साली पूर्ण झाले, त्याच्या काँक्रीटमध्ये काही सिमेंटाच्या जागी वीज केंद्राची राख वापरली होती. आपल्या राज्यात अकोले आणि शहापूरच्या हद्दीवर घाटघरची धरणे आहेत. रस्त्यासारखे रोलर फिरवून थरांनी बांधलेली ही देशातली पहिली धरणे. त्यांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. ज्या राखेने घाटघरला धरण उभे केले, ती आपल्या ओढ्यावर आल्यावर एकाएकी वाईट कशी झाली?

हे सिमेंट शाळूसारखे आहे

आबांच्या बांधाचे कारण आता सांगतो. राखेचे सिमेंट सावकाश पकडते. आधी सिमेंटातून चुना सुटायला हवा, मग राख त्याला धरणार. सातव्या दिवशी पाहाल तर साध्या सिमेंटचे काँक्रीट पुढे असते. २८ दिवसांनी दोघे जवळजवळ येतात. तीन महिन्यांनी राखेचे काँक्रीट बहुधा पुढे गेलेले असते. पण हे सारे कशावर? ओलाव्यावर. ओल तुटली की राखेचे काम तिथेच थांबते. मग ती राख खरोखरच नुसती राख राहते.

शाळू पेरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. शाळू सावकाश वाढतो, जमिनीतल्या ओलीवर येतो. पण दाणे भरण्याच्या वेळी ओल तुटली तर कणीस दिसायला कणीस आणि हातात पोचट. त्यावेळी बियाण्याला दोष देता का?

आपल्या देशाच्या काँक्रीटच्या मानकात हे लिहून ठेवले आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान ७ दिवस पाणी मारायचे. राखेचे वा स्लॅगचे असेल तर निदान १० दिवस. हवा कोरडी आणि उन्हाची असेल तर साध्यालाही १० दिवस, आणि राखेच्याला १४ दिवसांपर्यंत वाढवावे अशी शिफारस आहे. आपल्याकडचा वैशाख कोरडा आणि उन्हाचा नाही असे कोणता अभियंता म्हणेल? म्हणजे आबांच्या बांधाला १४ दिवस पाणी हवे होते. मिळाले तीन दिवस. खून पाण्यावाचून झाला आणि नाव राखेवर घातले.

दुसरे पाप मिसळताना होते. माल पातळ झाला की लोटायला सोपा जातो, म्हणून मजूर पाणी ओततात. घरकामाला लागते त्या एम २० काँक्रीटला एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, असे मानकात आहे, आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच धरायचे. दोन घागरी मोजून ठेवा. मिसळताना पाणी तोलून आणि पकडल्यावर पाणी भरपूर, हा नियम. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

फुकटची राख, विकतचे सिमेंट

आता भावाचे बोलू. १९९६-९७ साली देशातल्या वीज केंद्रांतून जवळजवळ ७ कोटी टन राख निघाली. त्यातली दहा टक्केसुद्धा वापरात आली नाही. बाकीची पाण्यात कालवून तलावांत सोडली. ते तलाव कोणाच्या जमिनीवर झाले? शेतकऱ्यांच्या. २०२१-२२ साली निघाली २७ कोटी टन आणि त्यातली सुमारे ९६ टक्के कुठे ना कुठे वापरली गेली, असे केंद्रीय वीज प्राधिकरणाचा अहवाल सांगतो. पंचवीस वर्षांत नकोशी राख हवीशी झाली. सगळ्यात मोठे गिऱ्हाईक सिमेंट कारखाने.

हे घडले ते कायद्याने. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने राखेच्या वापराची पहिली अधिसूचना काढली. ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना त्याहून कडक आहे. वीज केंद्राने सगळी राख वापरात आणली पाहिजे, न आणल्यास टनाला १००० रुपये भरपाई. केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत रस्ता, धरण, इमारत बांधणाऱ्यांनी राख वापरली पाहिजे. त्यासाठी राख कामाच्या जागी फुकट पोहोचवावी आणि वाहतूक केंद्राने सोसावी, अशी तरतूद आहे. मात्र राख दुसरीकडे खपत असेल तर वाहतुकीचा खर्च परस्पर ठरवण्याची मोकळीकही केंद्राला दिलेली आहे. सोलापूरजवळ एनटीपीसीचे केंद्र आहे. तिथून सांगली जिल्हा ३०० किलोमीटरच्या आत येतो.

जी राख टाकायला टनामागे दंड आहे, ती पोत्यात शिरली की सिमेंटच्या भावाने आपल्याला मिळते. राख आणायला भाडे पडते, ती तपासावी लागते, दळणीला खर्च येतो, हे आम्ही मान्य करतो. पण राखेचे पोते आणि साधे पोते यांच्या भावात किती फरक आहे, ते आपल्या दुकानदाराला विचारा आणि त्या फरकाची पोत्यातल्या राखेशी तुलना करा. करही तसाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सुट्या राखेवर ५ टक्के आहे. तीच राख पोत्यात गेली की १८ टक्के. व्यापारी आणि ठेकेदार भरलेल्या कराची वजावट मिळवतात. शेतकऱ्याला वजावट नाही. त्याच्या गळ्यात आलेला कर त्याच्याच गळ्यात राहतो.

कापूस आपण विकतो तेव्हा ओलावा किती, कचरा किती, धागा किती लांब, हे सारे बघून भाव पाडतात. क्विंटलमागे किलोकिलोचा हिशेब होतो. मग आपण विकत घेतो त्या पोत्यात राख किती आणि तिचा भाव काय धरला, हे विचारायचा अधिकार आपल्याला नाही का?

राखेखाली गेलेली शेते

पर्यावरणासाठी राख वापरा, असे शहरातली शहाणी माणसे सांगतात. खरे आहे. पण राख आधी कोणाच्या अंगावर पडते? जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध अतिवृष्टीत फुटला. राखेचा गाळ ओढ्यानाल्यांतून शेतांत आणि नदीत गेला. उभ्या पिकावर राखेचा थर बसला. ही राख तलावात साठण्याऐवजी कोरडी उचलून काँक्रीटमध्ये बंदिस्त झाली असती, तर त्या शेतकऱ्यांवर ती वेळ आली नसती. म्हणून राख काँक्रीटमध्ये जावी, हा आग्रह वीज केंद्राभोवतालच्या गावांचाही असला पाहिजे.

आणि एक सावधगिरी. राख शेताला खत म्हणून फुकट टाकून देतो, असे सांगत कोणी ट्रक घेऊन आला तर आधी राख आणि माती दोन्ही तपासून घ्या. कोळशाच्या राखेत क्षार असतात, बोरॉन असते, थोडे जड धातूही असतात. कोरडवाहू जमिनीत पाऊस कमी. क्षार धुऊन जात नाहीत. काँक्रीटमध्ये जो माल, तो शेतात कचरा ठरू शकतो.

आपल्या घरची राख

आता इथल्याच राखेकडे येऊ. या परिसरात वांगीला सोनहिरा साखर कारखाना आहे, कुंडलला क्रांती आहे. उसाच्या चिपाडावर बॉयलर चालतात. दहा लाख टन ऊस गाळला तर चिपाड तीन लाख टनांच्या घरात निघते, आणि ते जळल्यावर राख काही हजार टन उरते. या राखेतही सिलिका असते. मद्रासच्या आयआयटीत झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ही राख चाळून तिच्यातले अर्धवट जळलेले तंतू काढले आणि ती बारीक दळली, तर सिमेंटाचा काही भाग तिने भरून निघतो. चाळणी आणि दळण हेच त्यातले मर्म आहे. बॉयलरखालची राख फावड्याने उचलून मालात टाकली तर कोळशाचे कण पाणी पितात आणि काँक्रीट ठिसूळ होते.

म्हणून आज कोणीही घरच्या स्लॅबमध्ये उसाची राख घालू नये. फ्लाय ॲशचे जे मानक आहे ते कोळशाच्या राखेचे आहे. दुसरेही ध्यानात ठेवा. पीपीसीच्या पोत्यात राख आधीच आहे. त्यात आणखी राख मिसळणारा मिस्त्री तुमचा पैसा वाचवत नाही, तुमचे छप्पर धोक्यात घालतो. राख वेगळी मिसळायची ती साध्या सिमेंटात, तपासलेली, मोजून आणि जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली.

पण उद्यासाठी प्रयोग व्हायला हवेत. सांगलीत वालचंद कॉलेज आहे, कराडला सरकारी अभियांत्रिकी कॉलेज आहे. तिथल्या प्रयोगशाळांकडे इथल्या कारखान्यांची राख गेली पाहिजे. आधी फरशा, पेव्हर, बांधावरच्या गटाराचे तुकडे असा बिनजोखमीचा माल करून पाहावा. ती राख माल ठरली तर तिचा पैसा ऊस उत्पादकाच्या बिलात दिसला पाहिजे. साखरेखेरीज चिपाडाची वीज आणि मळीचा अल्कोहोल, यांचा हिशेब मागायला शेतकऱ्याला किती वर्षे लागली, ते तुम्हाला ठाऊक आहे. राखेच्या बाबतीत तेवढा उशीर नको.

विदर्भ-मराठवाड्यातले भाऊ विचारतील, आमच्या पऱ्हाटीच्या राखेचे काय? पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश भरपूर. ते काँक्रीटला चालत नाही आणि जमिनीला लागते. तिची जागा शेतातच आहे. जी राख जिथे कामाची तिथे ती गेली पाहिजे, एवढेच शास्त्र आहे.

येरळेचा धडा

हे सारे आपल्या हातचे नाही, असे वाटत असेल तर दूर जायला नको. ही येरळा आपल्या उशाशी वाहते. १९८० नंतरच्या दुष्काळात येरळेची वाळू ट्रकांनी बाहेर चालली होती आणि काठच्या विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर ठरवले, की वाळू आमच्या नदीची. तिच्यातली थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. सरकारशी झगडावे लागले. अभियंते के. आर. दाते त्यांच्या बाजूने उभे राहिले. बळीराजा स्मृती धरण उभे राहिले, आणि पाणी जमिनीच्या आकारावर न वाटता समान वाटायचे, भूमिहीनांनाही हक्क द्यायचा, असे त्या गावांनी ठरवले.

तिथे वाळू होती, इथे राख आहे. आपल्या भोवती पडलेल्या वस्तूचा हिशेब आपण ठेवला नाही तर तो दुसरा कोणी ठेवतो, आणि त्याच्या वहीत आपले नाव नसते.

गावोगाव काय करायचे

ठराव मोठे नकोत. पाळता येतील असे पाच सांगतो.

पहिला. गावात सरकारी पैशाचा कोणताही सिमेंटचा बांध, रस्ता, इमारत होणार असेल तर सिमेंट कोणते, राख किती टक्के आणि पाणी किती दिवस मारायचे, हे कामाच्या फलकावर लिहिले पाहिजे. नसेल तर ग्रामसभेत विचारा.

दुसरा. ओढ्यावरची कामे दिवाळीनंतर, ओढ्यात आणि विहिरीत पाणी आहे तोवर व्हावीत. निधी संपवायचा म्हणून वैशाखात काँक्रीट टाकायला गावाने हरकत घ्यावी. ज्या कामाला १४ दिवसांचे पाणी नाही ते काम त्या हंगामात करू नये.

तिसरा. पाणी मारण्याची वही गावाने ठेवावी. रोज कोणी, किती वेळा पाणी मारले त्याची नोंद आणि दोन गावकऱ्यांच्या सह्या. बचत गटातल्या बहिणी हे काम ठेकेदाराच्या मुकादमापेक्षा चांगले करतील. त्याची मजुरी अंदाजपत्रकात धरून घ्या. भिजलेली गोणपाटे अंथरून वर प्लॅस्टिकचा कागद घातला तर पाणी कमी लागते आणि ओल टिकते. काँक्रीटचे ठोकळे भरून तपासणीला पाठवले की नाही आणि निकाल काय आला, तेही विचारा.

चौथा. स्वतःच्या घरी पोते वाचून घ्या. राखेचे सिमेंट घ्यायला भिऊ नका. मात्र स्लॅबखालच्या फळ्या काढायची घाई करू नका आणि पाणी पूर्ण दिवस मारा. तेवढे पाणी नसेल तर काम पुढे ढकला.

पाचवा. जिल्ह्याच्या पातळीवर मागणी करा, की राखेमुळे सिमेंटात जी बचत होते ती सरकारी कामाच्या दरात दिसली पाहिजे आणि शेतकऱ्याच्या पोत्याच्या भावातही दिसली पाहिजे.

आबांना आम्ही हेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे साहेब, राख कामाची होती, माणसंच कामाची नव्हती." आम्ही म्हणालो, "आबा, पाण्याचे दिवस मोजायला आपण तिथे नव्हतो, ही चूक आपलीही आहे." पुढच्या बांधाची मंजुरी आली तेव्हा त्या गावाने ठेकेदाराला दिवाळीनंतरची तारीख दिली आणि वही आबांच्या सुनेकडे सोपवली. चौदा दिवसांच्या नोंदी तिच्या अक्षरात आहेत. पावसाळा उलटून गेल्यावर आबांनी त्या भिंतीवर पुन्हा किल्ली ओढली. किल्लीचीच चकाकी तिथे उमटली, भुकटी पडली नाही.

भावांनो, बहिणींनो, इथून घरी जाल तेव्हा वाटेत एखादे काँक्रीटचे काम चालू दिसेल. तिथे थांबा. पोते वाचा आणि मुकादमाला एकच प्रश्न विचारा: पाणी किती दिवस मारणार?

जय किसान!